गोलगुंबज : सात मजले चढून जाण्याजोगा कान

सोलापूर, सांगली किंवा कोल्हापूरकडच्या शाळेत शिकलेल्या माणसाला विजापूरच्या गोलगुंबजाविषयी काही सांगायला जावे, तर तो मध्येच थांबवून म्हणतो, ‘हो, तिथे आवाज सात वेळा घुमतो.’ सहलीची एसटी, डब्यातल्या दशम्या आणि वर जाऊन मारलेली आरोळी एवढ्यावर बहुतेकांची आठवण संपते. माझीही तेवढ्यावरच संपली होती. गेल्या हिवाळ्यात पत्नी आणि मामांसह पुन्हा गेलो तेव्हा आम्ही ही वास्तू लागोपाठ दोन दिवस पाहिली : पहिल्या दिवशी सुट्टीच्या भर दुपारी आणि दुसऱ्या दिवशी पहाटे. हे दोन अनुभव इतके वेगळे होते की या दोनपैकी एकच घेऊन जो परत येईल, त्याचे आणि माझे या इमारतीविषयीचे मत जुळणे अवघड आहे.

सोलापूरहून विजापूर सुमारे 100 किलोमीटर आहे. रस्ता चांगला आहे आणि रेल्वेही सोयीची आहे. म्हैसूरहून पंढरपूरला येणाऱ्या एका गाडीचे नावच गोलगुंबज एक्सप्रेस आहे. शहराचे अधिकृत नाव 2014 पासून विजयपुरा झाले असल्यामुळे तिकीट काढताना तेवढे ध्यानात ठेवावे. स्थानक गुंबजापासून जवळ आहे. रिक्षावाल्याशी मराठीत बोलले तरी चालते, तो उत्तर मात्र दख्खनीत देतो.

आवारात शिरल्यावर सर्वांत आधी समोर येतो तो नगारखाना. त्यात आता पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे आणि पुढ्यात तोफा मांडून ठेवलेल्या आहेत. हा नगारखाना अशा बेताने आडवा उभा आहे की तो ओलांडेपर्यंत मागच्या इमारतीचा पुरता अंदाज येत नाही, आणि ओलांडल्यावर ती एकदम अंगावर येते. बाहेरून ती सुंदर आहे असे मी म्हणणार नाही. खाली एक प्रचंड चौकोनी ठोकळा, त्याच्या चार कोपऱ्यांना चार अष्टकोनी सातमजली मनोरे, भिंतीच्या माथ्याशी बरीच पुढे आलेली जड कोर आणि या सगळ्यावर बुडाशी कमळाच्या पाकळ्या कोरलेला घुमट, एवढेच तिचे बाह्यरूप आहे. गोलगुंबज ही एका आदिलशाही सुलतानाची कबर आहे. याच शहरातला इब्राहिम रौजा, म्हणजे त्या सुलतानाच्या वडिलांची कबर, नक्षीकामात आणि प्रमाणबद्धतेत हिच्या कितीतरी पुढे आहे. मुलाने वडिलांशी नाजूकपणात स्पर्धा करण्याचे टाळले आणि आकारात बाजी मारली, असे माझे मत दोन्ही वास्तू एका दिवसात पाहिल्यावर झाले.

हा मुलगा म्हणजे मोहम्मद आदिलशाह. 1627 ते 1656 अशी एकोणतीस वर्षे त्याने राज्य केले. शहाजीराजे त्याचेच सरदार होते आणि शिवाजी महाराजांच्या सुरुवातीच्या हालचाली त्याच्याच कारकिर्दीत झाल्या. महाराजांनी जावळी घेतली ते 1656 हेच वर्ष त्याच्या मृत्यूचे आहे. दक्षिण दरवाजावरच्या फारसी लेखात तीन वेगवेगळ्या वाक्यांतून त्याच्या मृत्यूचे एकच हिजरी वर्ष, 1067, निघते. अक्षरांना आकडे देऊन बेरीज करण्याची ती पद्धत आहे. दरवाजाशी टांगलेल्या दगडाला लोक आकाशातून पडलेला दगड मानतात. तो इमारतीला विजेपासून वाचवतो अशी श्रद्धा आहे. वास्तुरचनाकार म्हणून परंपरेने ज्याचे नाव सांगितले जाते, तो याकूत दाभूळचा, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या दाभोळचा. मूळचे कोकणातले असलेल्या आमच्या मामांना या एका माहितीने जो आनंद झाला, तो पुढे गुंबज पाहूनही झाला नसावा.

आत पाऊल टाकले की बाहेरचे मत बदलावे लागते. सुमारे 18 हजार चौरस फुटांची जागा आहे आणि तिच्यात एकही खांब नाही. मधोमध उंच चौथऱ्यावर लाकडी छत्राखाली सुलतान, त्याच्या दोन बेगमा, रंभा नावाची नर्तकी, मुलगी आणि नातू यांच्या कबरी ओळीने दिसतात. खरी दफने मात्र खालच्या तळघरात आहेत. भिंतींवर पाहण्यासारखे फारसे काही नाही. येथे पाहायचे ते मान वर करून, आणि त्यासाठी चौथऱ्याच्या पायरीवर निवांत पाच-दहा मिनिटे बसावे लागते. बहुतेक लोक आत आल्याबरोबर जिन्याकडे धावतात आणि या इमारतीतली सर्वांत हुशारीची गोष्ट न पाहताच वर पोहोचतात.

चौकोनी खोलीवर गोल घुमट बसवायचा, तर चार कोपरे कसे बुजवायचे हा जुना प्रश्न आहे. येथे तो ज्या रीतीने सोडवला आहे, ती खालून नीट दिसते. चारही भिंतींलगत उभारलेल्या आठ मोठ्या कमानी एकमेकींना छेदत वर जातात. त्यांच्यामुळे एकमेकांवर तिरके ठेवलेले दोन चौरस तयार होतात आणि त्यांच्या मधोमध एक अष्टकोन उरतो. चौकोन असा हळूहळू आकसत जाऊन जवळजवळ वर्तुळ झाला की त्यावर घुमटाचे वर्तुळ टेकवलेले आहे. यातली गंमत अशी की या कमानींचे बांधकाम आतल्या पोकळीकडे झुकलेले आहे. घुमटाचा भार भिंतींना बाहेर ढकलू पाहतो, आणि आत झुकलेल्या या बांधकामाचे वजन त्याला उलट बाजूने आवरून धरते. सुमारे दहा फूट जाडीचा, आतून 124 फूट व्यासाचा घुमट साडेतीन शतकांहून अधिक काळ खांबांवाचून उभा आहे, त्याचे हे एक मोठे कारण.

घुमटाची भिंत या अष्टकोनाच्या काठावर उभी नसून बरीच मागे उभी आहे. त्यामुळे काठ आणि भिंत यांच्या मध्ये चारही बाजूंनी सुमारे अकरा फुटांचा पट्टा मोकळा राहिला. जमिनीपासून जवळजवळ 110 फूट उंचीवरचा हा पट्टा म्हणजेच ज्यासाठी जग येथे येते तो सज्जा, गाइडांच्या भाषेत व्हिस्परिंग गॅलरी, म्हणजे कुजबूज ऐकू येणारा सज्जा. भार तोलण्याच्या हिशेबातून उरलेली ही जागा आहे, आणि तिला कान फुटले हा योग मला फार आवडला.

आता पहिल्या दिवसाचे सांगतो. दुपारचे बारा वाजले होते आणि सुट्टीचा दिवस होता. वर जाण्याचा जिना कोपऱ्यातल्या मनोऱ्याच्या पोटातून गोल फिरत जातो. पायऱ्या दगडी आणि उंच असून माणसांच्या पायांनी मधोमध गुळगुळीत झालेल्या आहेत, आणि रुंदी एवढीच की वरून उतरणारा आला तर एकाला भिंतीला पाठ लावून उभे राहावे लागते. दर मजल्यावर कमानीच्या खिडक्या आहेत. तेथे वारा लागतो, दम घेता येतो आणि शहर थोडे थोडे खाली जाताना दिसते. मात्र दोन मजल्यांच्या मधल्या वळणावर उजेड बेताचा असतो. ज्यांना बंद जागेत घुसमटते किंवा ज्यांचे गुडघे कुरकुरतात, त्यांनी हा जिना गर्दीच्या वेळी चढू नये, असे मी स्पष्टच सांगेन. आमच्या मामांनी दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत बसून ‘तुम्ही जाऊन या, मी इथून पाहतो’ असे जाहीर केले, तो निर्णय शहाणपणाचा होता.

वर पोहोचल्यावर सज्जात जो कल्लोळ होता, त्याचे वर्णन करणे कठीण आहे. दोन शाळांच्या सहली, काही कुटुंबे आणि शिट्ट्या वाजवण्यासाठीच आलेला तरुणांचा एक घोळका अशी साठ-सत्तर माणसे एकाच वेळी ओरडत होती, आणि प्रत्येक आरोळीचे सात-आठ पडसाद उठत असल्यामुळे ती पाचशे माणसे वाटत होती. कोणाला कोणाचेच ऐकू येत नव्हते. एक सुरक्षारक्षक शिट्टी वाजवून लोकांना गप्प करू पाहत होता. त्याच्या शिट्टीचेही पडसाद त्या गोंधळात जाऊन मिळत होते. दहा मिनिटांत आम्ही कानांवर हात ठेवून बाहेर पडलो. त्या दिवशीच मी हे परीक्षण लिहिले असते, तर ‘प्रवास वाया’ एवढे दोन शब्द पुरले असते.

खाली उतरल्यावर एका गाइडने, न विचारता, हा जगातला दुसऱ्या क्रमांकाचा घुमट असल्याचे सांगितले. हे वाक्य फलकांवर, पुस्तकांत आणि शालेय निबंधांत इतक्या वेळा आले आहे की त्याच्याशी वाद घालणे उद्धट वाटते, पण मोजमापे पाहिली तर ते टिकत नाही. रोममधले प्राचीन पँथिऑन, फ्लॉरेन्सचे कॅथीड्रल आणि रोमचेच सेंट पीटर्स या तिन्ही जुन्या घुमटांचे व्यास याच्याहून मोठे आहेत, आणि आधुनिक काळातल्या क्रीडागृहांचे तर विचारूच नका. उलट लंडनच्या सेंट पॉल्सचा किंवा इस्तंबूलच्या आयासोफियाचा घुमट याच्यापेक्षा लहान आहे. एवढे खरे सांगितले तरी विजापूरचा मान तसूभरही कमी होत नाही. शिवाय पँथिऑनचा घुमट मुळातच गोल भिंतीवर बसलेला आहे. चौकोनी खोलीवर एवढा घुमट चढवण्याची अडचण तेथे नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या सुमारास आम्ही दारात होतो. हवेत गारवा होता, आवारातल्या हिरवळीवर फिरायला आलेली चार-दोन माणसे होती आणि जिना रिकामा होता. रिकाम्या जिन्यात चढण निम्मी वाटते. मामा या वेळी खाली चौथऱ्याच्या पायरीवर बसले. सज्जात शिरल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती आमच्याच चपलांची. दगडावर घासलेल्या प्रत्येक पावलाचा आवाज समोरच्या भिंतीकडून परत येत होता, आणि आम्ही थांबलो तरी कोणीतरी दोन पावले आणखी चालले असे भासत होते. पारव्याचे एक जोडपे उडाले, तर पंखांची फडफड घुमटभर फिरून आली.

पत्नी भिंतीच्या कडेने चालत थेट समोरच्या बाजूला गेली. मधे सव्वाशे फुटांचे अंतर, खाली कबरींचे छत्र हातरुमालाएवढे दिसत होते. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, मी माझ्या बाजूच्या भिंतीला कान लावला. ‘मामांच्या गोळ्यांची डबी तुझ्याकडे आहे ना?’ हे वाक्य माझ्या कानाशी, अगदी खांद्यावरून कोणी वाकून विचारावे तसे, आले. आवाज मोठा झालेला नव्हता. कुजबूजच होती, श्वासासकट. ‘ब’ म्हणताना ओठ मिटल्याचेही कळले. मी खिसे चाचपले आणि तेवढ्याच हळू आवाजात ‘नाही, हॉटेलवर राहिली’ असे सांगितले. त्यावर पलीकडून आलेला सुस्काराही स्पष्ट ऐकू आला. एवढ्या भव्य वास्तूत आमचा पहिला संवाद हा झाला, याचे मला नंतर हसू आले, पण परीक्षा म्हणून तो उत्तम होता, कारण पाठ केलेल्या वाक्यात अर्धे आपण मनानेच ऐकतो.

कुजबूज भिंतीच्या आतल्या वळणाला धरून पुढे पुढे परावर्तित होत जाते, मधल्या पोकळीत विखरून जात नाही, म्हणून भिंतीजवळ बोलणे आणि भिंतीला कान लावणे ही दोन्ही पथ्ये पाळावी लागतात. कठड्याशी उभे राहून बोलल्यास हा अनुभव मिळत नाही. टाळीचे किंवा आरोळीचे पडसाद ही दुसरी गोष्ट. तेथे आवाज घुमटाच्या अंतर्गोल पृष्ठभागांवर पुन्हा पुन्हा आदळत राहतो. आदल्या दिवशी शिट्टी वाजवणारा तोच रक्षक आज निवांत होता. त्याने तिकिटाचा एक कपटा भिंतीशी धरून सावकाश फाडला. पलीकडे उभ्या असलेल्या मला तो कपडा फाडल्यासारखा ऐकू आला. नंतर त्याने एकच टाळी वाजवली. मी बोटे मोडत मोजले : सात पडसाद वेगवेगळे ऐकू आले, त्यापुढचे दोन-तीन एकमेकांत मिसळले. सात म्हणणारे आणि दहा म्हणणारे दोघेही आपापल्या कानापुरते खरे आहेत.

हे सगळे जेमतेम पाऊण तास टिकले. मग खालून मुलांचा गलका ऐकू आला, पहिली आरोळी उठली आणि सज्जा पुन्हा कालच्यासारखा झाला. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. मीही एकदा तेच केले होते. पण दिवसातून एखादा अर्धा तास तरी शांततेसाठी राखून ठेवला, तर लांबून आलेल्या माणसाला ही वास्तू खऱ्या अर्थाने ऐकता येईल, असे मला वाटते. दोष द्यायचा तर तो भिंतींवर नावे कोरणाऱ्यांना. जिन्यातल्या त्या नावांत कानडी आणि इंग्रजी अक्षरांच्या बरोबरीने देवनागरीही भरपूर आहे, आणि बाण मारलेल्या बदामाखाली आपल्याकडची आडनावे वाचताना मान खाली जाते.

सज्जाच्या दारातून बाहेर आले की घुमटाभोवतीच्या गच्चीवर येता येते, आणि माझ्या मते चढणीचे खरे मोल येथे वसूल होते. बहुतेक लोक गच्चीवर फोटोपुरतेच थांबतात. आम्ही तासभर बसलो. पाठीशी घुमटाच्या बुडाच्या पाकळ्या होत्या. खालून नाजूक वाटणाऱ्या या पाकळ्या जवळून पाहिल्या तर माणूस त्यांच्यापुढे ठेंगणा दिसतो. गुंबज शहराच्या पूर्व अंगाला असल्यामुळे सकाळचे ऊन आपल्या मागून येते आणि समोरचे सगळे शहर उजळत जाते. नैऋत्येला जामा मशिदीचा घुमट दिसतो. एकमेकींना छेदणाऱ्या कमानींचा प्रयोग तेथे आधी लहान प्रमाणावर झालेला आहे, हे ठाऊक असेल तर एका नजरेत गुरू आणि शिष्य दोन्ही दिसतात. त्यापलीकडे बालेकिल्ल्याचा परिसर आणि बारा कमानचे काळे सांगाडे आहेत. बापाहून मोठी कबर बांधायला निघालेल्या दुसऱ्या अली आदिलशाहचे ते काम 1672 मध्ये तो वारला तेव्हा अर्धवट होते, ते तसेच राहिले. पश्चिमेच्या टोकाला झाडीतून इब्राहिम रौजाचे मिनार वर आलेले असतात. आजोबा, बाप आणि मुलगा अशा तीन पिढ्यांच्या कबरी एका जागी उभे राहून दिसतात. त्यांच्यानंतर चौदा वर्षांत, 1686 मध्ये, औरंगजेबाने शहर जिंकले आणि आदिलशाही संपली. हा इतिहास मी पुस्तकात वाचला होता, पण त्यातली अंतरे मला त्या गच्चीवर कळली.

खाली आलो तेव्हा मामा डोळे मिटून बसले होते. वरचे काही ऐकू आले का, असे विचारल्यावर म्हणाले, ‘शब्द नाही कळले. पण तुम्ही भांडत नव्हता, एवढं कळलं.’

काही व्यावहारिक सूचना. पाणी खालूनच सोबत न्यावे. लहान मुलांचा हात सज्जाच्या कठड्यापाशी सोडू नये. संग्रहालय सकाळी उशिरा उघडते, म्हणून आधी गुंबज आणि मग संग्रहालय हाच क्रम ठेवावा. जेवण गावातल्या साध्या खानावळीत घ्यावे : ज्वारीची कडक भाकरी, भरल्या वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि दही. सोलापूरकरांना यात नवे काही वाटणार नाही, पुणे-मुंबईकरांना मात्र वाटेल. आम्ही उतरलो होतो त्या लॉजने पहाटे चहा देण्याचे कबूल करून दारच उघडले नाही, तेव्हा लवकर निघायचे असेल तर चहाची सोय आपली आपण पाहावी.

ज्यांना गुंबजाचा जिना झेपणार नाही, पण शहर उंचावरून पाहायचे आहे, त्यांच्यासाठी उपली बुरूज हा चांगला पर्याय आहे. 1584 मध्ये बांधलेल्या या सुमारे ऐंशी फुटी टेहळणी बुरुजाच्या पायऱ्या बाहेरच्या अंगाने, उघड्यावर, वळसा घालत वर जातात. घुसमट अजिबात नाही, माथ्यावर दोन लांबलचक तोफा आहेत आणि वारा भरपूर आहे. मामा तेथे न थांबता चढले. जवळच शर्झा बुरुजावर मुलूख-ए-मैदान तोफ आहे. 1549 मध्ये अहमदनगरला ओतलेली, सुमारे 55 टनांची ही तोफ येथवर ओढत कशी आणली असेल, यावर मामांनी परतीच्या गाडीत सोलापूर येईपर्यंत चर्चा केली.